‘हाकाबा’ गेला, ‘गेगेगे’ आला: कितारोच्या नावामागची गोष्ट

कितारो हा जपानी मंगा (चित्रकथा) आणि कार्टून मालिकांमधला भुतांच्या जगातला मुलगा. २०१८ची मालिका पाहून त्याच्याकडे वळलेल्यांना त्याचं मूळ नाव ‘हाकाबा नो कितारो’, म्हणजे स्मशानातला कितारो, असं होतं हे सहसा ठाऊक नसतं. ते नाव का बदललं आणि त्यात काय गमावलं, ही त्याची गोष्ट.

कितारो मुळात मंगातलाही नाही. मेलेली आई थडग्यातल्या बाळासाठी रात्री दुकानातून गोड खाऊ नेते, अशी जपानी लोककथा आहे. तिच्यावरून १९३०च्या दशकात रस्त्यावर चित्रं दाखवून सांगायचे खेळ, कामिशिबाई, निघाले. दुसऱ्या महायुद्धात डावा हात गमावलेल्या शिगेरु मिझुकी या चित्रकाराने १९५४ मध्ये ते नव्याने काढले आणि १९६० मध्ये भाड्याने मिळणाऱ्या मंगा पुस्तकांत कितारोला आणलं. पैशांवरून प्रकाशकाशी बिनसलं, तेव्हा प्रकाशकाने दुसऱ्याच चित्रकाराकडून कथा पुढे चालवली.

१९६५ मध्ये कितारो मुलांच्या एका मोठ्या साप्ताहिकात आला. टीव्हीचा विषय निघाला आणि गाडी नावावर अडली. मुलांच्या कार्यक्रमाच्या नावात ‘स्मशान’ प्रायोजकांना नको होतं. मधल्या काळात याच चित्रकाराची ‘अकुमा-कुन’ ही दुसरी कथा १९६६ मध्ये पडद्यावर आली आणि चालली, त्यामुळे कितारोचा रस्ता मोकळा झाला. पण नाव बदलूनच. १९६७ मध्ये साप्ताहिकातच ‘गेगेगे नो कितारो’ असा मथळा झळकला आणि जानेवारी १९६८ मध्ये कृष्णधवल मालिका सुरू झाली.

‘गेगे’ हे चित्रकाराचं लहानपणचं टोपणनाव. ‘शिगेरु’ हे स्वतःचं नाव नीट म्हणता येत नसे, त्यावरून पडलेलं. शीर्षकगीतही त्यानेच लिहिलं: भुतांना शाळा नाही, परीक्षा नाही. त्या गाण्यामुळेच नवं नाव घराघरांत गेलं, हे मान्य करायलाच हवं. तरी माझ्या मते जे गेलं ते मोठं होतं. जुन्या मंगातला कितारो ओल्या मातीतून हात वर काढत जन्मतो. कुजलेल्या बापाचा एक डोळा तेवढा मागे उरतो, पोरावर लक्ष ठेवायला. नावातून स्मशान काढलं तसा कथेचा सूरही बदलला आणि कितारो माणसांना वाचवणारा नायक झाला. हा बदल एका फटक्यात झाला नाही, साप्ताहिकात त्याची सुरुवात आधीच झाली होती. पण त्यावर शिक्का बसला तो नावबदलाने.

पुढे १९७१, १९८५, १९९६, २००७ अशा मालिका येत गेल्या. सगळ्या ‘गेगेगे’च. २००८ मध्ये मात्र रात्री उशिराच्या वेळेत ‘हाकाबा कितारो’ या जुन्या नावाने ११ भाग दाखवले गेले, आणि त्यातला कितारो बेरकी, स्वार्थी, भाड्याच्या पुस्तकांतला होता. २०१० मध्ये ‘गेगेगे नो’ हे शब्द जपानमध्ये वर्षातला गाजलेला शब्दप्रयोग ठरले. चित्रकाराच्या बायकोच्या आठवणींवरची दैनंदिन टीव्ही मालिका तेव्हा जोरात होती. २०१८च्या मालिकेच्या एका भागात दक्षिणेकडच्या बेटावर युद्धात मेलेल्या सैनिकांच्या अस्थी आल्या, म्हणजे चित्रकाराचं युद्धही आलं.

२०२३चा कितारोचा चित्रपट मुख्यतः १९५६ मध्ये घडतो, कितारोच्या जन्माआधी, आणि शेवटी त्याच्या जन्मापाशी येतो. मूळ मंगात रक्तपेढीतला नोकर थडग्यातून आलेल्या बाळाला झिडकारतो, ते दगडावर आपटतं आणि त्याचा डोळा जातो. चित्रपटात तोच माणूस बाळाला भिरकावायला हात उचलतो, थांबतो आणि त्याला छातीशी धरतो.