भट्टीतला रस आणि तांब्याच्या साच्यातला कॉईन

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत (धातू वितळवून ओतण्याच्या कारखान्यात) ‘मेल्टचा स्पेक्ट्रो आला का?’ असं सहज विचारलं जातं. मेल्ट म्हणजे भट्टीतला रस आणि स्पेक्ट्रो म्हणजे ठिणगीच्या प्रकाशावरून धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचा रिझल्ट. यातला ‘मेल्टचा’ हा शब्द फसवा आहे. स्पेक्ट्रोमीटरवर जातो तो गोठलेला कॉईन, म्हणजे रसाची नाण्यासारखी चकती. भट्टीतला रस त्याने पाहिलेलाच नसतो.

सुरुवात मात्र रसाजवळच झाली होती. १८६०च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफिल्डला, हवा फुंकून लोखंडातला कार्बन जाळणाऱ्या बेसेमर कन्व्हर्टरच्या ज्वाळेवर स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाश रेषांत फोडून दाखवणारं उपकरण) रोखला गेला. हिरव्या रेषा विझल्या की कार्बन संपला, हवा बंद करा! त्यातल्या बऱ्याच रेषा मॅंगनीजच्या होत्या हे पुढे कळलं. स्पार्क आणि फोटोमल्टिप्लायर (मंद प्रकाश मोजणारी नळी) आल्यावर मोजणी मिनिटांवर आली, पण त्यासाठी नमुना गोठवावा लागला.

वाद इथेच आहे आणि तो कार्बनचा आहे. तांब्याच्या साच्यात रस झटकन गोठला तर कॉईन पांढरा येतो, कार्बन कार्बाइडमध्ये बांधलेला राहतो. साचा तापलेला असेल किंवा सिलिकॉन जास्त असेल तर आत ग्रॅफाइट सुटतं आणि कार्बनचा आकडा भरकटतो. ग्राइंडिंग केलेल्या कॉईनवर शेजारी-शेजारी तीन स्पार्क मारले आणि तिन्ही आकडे वेगळे आले, तर दोष मशीनला लावण्याआधी कॉईन तोडून पाहावा. आत करडा दिसला की तो टाकून द्यायचा.

म्हणून कार्बनसाठी कप वापरतात: त्यात रस ओतायचा आणि तो थंड होताना तापमान नोंदवायचं. त्यातल्या टेल्युरियममुळे बीड (ओतीव लोखंड) पांढरं गोठतं आणि थंड होण्याच्या आलेखावरच्या दोन थांब्यांवरून कार्बन निघतो. शिफ्टला कपाचा आणि स्पेक्ट्रोचा आकडा जुळत नाही तेव्हा भांडण होतं. माझं मत स्पष्ट आहे: कार्बन कपाचा, बाकी सगळं स्पेक्ट्रोचं. कार्बन स्पेक्ट्रोवर सोडण्याचा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो.

नमुना न गोठवता थेट रस मोजायचा तर ठिणगीऐवजी लेसर मारता येतो. लेसर १९६०चा. त्याच दशकात वितळलेल्या पोलादावरही लेसरचा प्रयोग झाला. पण लोखंडाच्या रसावर स्लॅगची (मळीची) साय, धूर आणि हलता पृष्ठभाग असतो. लेसर सायीवर पडला तर स्लॅगचाच आकडा येतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, तिथे हे काम बरंच सोपं आहे.

थेट रस मोजण्याची खरी गरज आहे ती एसजी आयर्नला, म्हणजे ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेल्या बीडाला. त्यात उरलेलं मॅग्नेशियम साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के लागतं आणि ते रसात मिसळण्याच्या ट्रीटमेंटनंतर मिनिटागणिक उतरतं. कॉईनचा रिझल्ट येईपर्यंत अर्धं लॅडल (रस ओतण्याचं भांडं) ओतून झालेलं असतं.