तेलविहिरीचं पाणी की रिफायनरीचं सांडपाणी? जनावरांच्या किडनीला दोन्ही सारखी नाहीत

तेल कंपन्यांचं घाण पाणी म्हटलं की लोक सगळं एकातच धरतात, पण जनावराच्या किडनीचा प्रश्न असेल तर आधी विचारा, पाणी विहिरीतून आलंय की रिफायनरीतून.

विहिरीचं म्हणजे प्रोड्यूस्ड वॉटर, तेल उपसताना जमिनीच्या पोटातून सोबत वर येतं ते, आणि जुन्या विहिरीत तर तेलापेक्षा हे पाणीच कितीतरी जास्त निघतं. यात बेन्झीन, बेरियम, कधी रेडियमही असतं, पण जनावराला आधी गाठतं ते मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार, काही विहिरींचं पाणी त्याच्याही कित्येक पट खारं, आणि गुरांना 10 ग्रॅमच्या वरचं पाणी पाजूच नये असं मानतात. मीठ बाहेर टाकायला किडनीला पाणी लागतं, गोडं पाणी मिळालं नाही की अंगातलं पाणी आटतं, किडनीला रक्त कमी पोचतं आणि युरिया, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, चढतं. रिपोर्ट बघून वाटतं किडनी गेली, पण पेशी अजून शाबूत असू शकतात, वेळेत उपचार झाले तर जनावर सावरतं. फक्त अशा वेळी समोर टाकीभर गोडं पाणी एकदम ठेवू नका प्लीज, मेंदूला सूज येऊन ते दगावू शकतं, थोडं थोडंच द्या, तेही डॉक्टरांना विचारून.

रिफायनरीच्या पाण्याचं उलटं आहे. कच्चं तेल धुताना, वाफेने वेगळं करताना जे पाणी वापरलं जातं त्यात फिनॉल, सल्फाइड, अमोनिया, तेलाचा अंश आणि जड धातू उतरतात, म्हणून ते नीट शुद्ध न करता सोडलं तर धोका. फिनॉल टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसत नाही, त्यामुळे मीटर बघून पाणी चांगलंय म्हणणं चूक. इथे मार थेट किडनीच्या नलिकांच्या पेशींवर बसतो, आणि कॅडमियम असेल तर ते तिथेच वर्षानुवर्षं साठून राहतं. शिवाय क्रिएटिनिन उशिरा बोलतं, कुत्र्या-मांजरांत साधारण 75 टक्के काम गेल्यावर ते वाढतं, म्हणून रक्त नॉर्मल आलं तरी लघवी तपासाच. रक्तातली साखर नॉर्मल असून लघवीत साखर किंवा प्रोटीन दिसलं तर नलिका बिघडल्याचा संशय घ्यायला हवा. आणि खाऱ्या पाण्याच्या प्रकारात, निदान सुरुवातीला, लघवी घट्ट असते, नलिका बिघडल्या की ती पातळ येते कारण किडनीला पाणी राखताच येत नाही.

उंदरांवरचे प्रयोग वाचताना मात्र सांभाळून. नर उंदराच्या (मोठा उंदीर, म्हणजे रॅट) लिव्हरमध्ये अल्फा-2यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रोटीन भरपूर बनतं, पेट्रोलमधले काही हायड्रोकार्बन त्याला चिकटतात आणि ते नलिकांत साचून किडनी खराब होते, मादी उंदरात किंवा माणसात हे होत नाही. अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) 1991 मध्येच यावर अख्खा रिपोर्ट काढलाय. त्यामुळे फक्त नरांवर केलेला अभ्यास कुणी दाखवला तर माद्यांचं काय झालं ते आधी विचारा, माद्यांच्या किडनीतही बिघाड असेल तर निदान या प्रोटीनवर खापर फोडता येणार नाही.