न्यूक्लिअर मेडिसिन: घरचे लोक आणि कॉमन जागांमधलं रेडिएशन

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी औषध पेशंटच्या अंगात जातं, त्यामुळे रेडिएशनचा सोर्स मशीन नसून पेशंटच असतो आणि एक्स-रेसारखं बटण बंद करून ते थांबवता येत नाही. स्कॅनचं टेक्नेशियम-99एम 6 तासांत निम्मं होतं, पेट (PET) स्कॅनचं फ्लोरिन-18 तर 110 मिनिटांत, म्हणून घरच्यांचा प्रश्न मुख्यतः येतो तो थायरॉइडच्या उपचारातल्या आयोडीन-131मुळे, हाफ-लाइफ (निम्मं व्हायला लागणारा वेळ) 8 दिवस आणि गॅमा (आरपार जाणारे किरण) शरीराबाहेर येणारा.

पेशंटला घरी कधी सोडायचं याचा जुना आकडा अंगातलं औषध 30 मिलिक्युरी, म्हणजे 1110 मेगाबेकरेल (दोन्ही किरणोत्साराची मापं), किंवा 1 मीटरवर ताशी 5 मिलिरेम (मिळणाऱ्या डोसचं माप, 100 मिलिरेम म्हणजे 1 मिलिसिव्हर्ट). हा 30 आला कुठून यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हिशेब केला तर 30 मिलिक्युरीचे 1 मीटरवर ताशी साधारण 6.6 मिलिरेम होतात, त्यातलं काही पेशंटच्या अंगातच अडतं, म्हणून हे दोन आकडे एकमेकांशेजारी बसले असावेत, आणि तेच जास्त पटतं. अमेरिकेने 1997ला हा आकडा मागे टाकून दुसऱ्या माणसाला मिळणारा डोस 5 मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये असा नियम केला. जर्मनीत मात्र किमान 48 तास वॉर्डात ठेवतात. सर्वसामान्य माणसाची मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट, पण जाणूनबुजून आणि स्वखुशीने सेवा करणाऱ्याला आंतरराष्ट्रीय शिफारशींत एका उपचारामागे 5 मिलिसिव्हर्टपर्यंत सूट आहे. गरोदर बाई आणि लहान मुलांना ही सूट नाही.

अंतर दुप्पट झालं की डोस पाव होतो हे सगळे सांगतात, पण तो नियम बिंदूएवढ्या सोर्सचा, माणूस काही बिंदू नसतो, त्यामुळे अगदी जवळ, एका अंथरुणात, हा फॉर्म्युला लावला तर आकडा फुगून येतो. तरी झोपायला वेगळी खोली हाच सगळ्यात स्वस्त उपाय, कारण रात्रीचे 7-8 तास सलग मोजले जातात. मोठ्या माणसांना जास्त करून बाहेरून येणारा गॅमाच लागतो, थुंकी-घामातून पोटात जाणारं आयोडीन त्यामानाने किरकोळ, पण तान्ह्या बाळाच्या बाबतीत तेच महत्त्वाचं ठरतं, म्हणून काही दिवस बाळाचा मुका नाही आणि अंगावर पाजणं तर पूर्णच बंद.

टॉयलेटचं महत्त्व लोकांना उशिरा कळतं. आयोडीनचा बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीतून जातो, म्हणून पुरुषांनीही बसून करायचं, झाकण लावून दोनदा फ्लश करायचं.

वेटिंग रूममध्ये 370 मेगाबेकरेल फ्लोरिन-18 घेतलेल्या पेशंटपासून 1 मीटरवर सुरुवातीला ताशी साधारण 34 मायक्रोसिव्हर्ट येतात. अशा तीन-चार पेशंटच्या मधल्या खुर्चीत रोज बसणारा अटेंडंट तिथल्या नातेवाइकांपेक्षा जास्त घेतो, म्हणून इंजेक्शन झालेल्यांची बसायची जागा आणि टॉयलेट वेगळं ठेवतात.