फळबागांतील परभक्षी कीटक

फळझाडांवरील किडी खाऊन जगणाऱ्या कीटकांचा त्या किडींच्या नियंत्रणासाठी उपयोग करण्याची पद्धत. ढालकिडे (लेडीबर्ड भुंगेरे), क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा कीटक आणि सिरफिड माशीच्या अळ्या हे यांतील प्रमुख परभक्षी होत. परोपजीवी कीटकाची अळी एकाच यजमानावर, म्हणजे ज्याच्यावर ती पोसते त्या एकाच किडीवर, वाढते, तर परभक्षी आपल्या आयुष्यात अनेक भक्ष्ये फस्त करतो. दक्षिण चीनमध्ये संत्र्याच्या झाडांवर किडी खाणाऱ्या मुंग्यांची घरटी आणून ठेवण्याची आणि त्यांना ये-जा करता यावी म्हणून झाडे बांबूंनी जोडण्याची रीत फार जुनी आहे.

या पद्धतीवर शास्त्रज्ञांचा व बागायतदारांचा विश्वास बसला तो कॅलिफोर्नियातील अनुभवामुळे. मूळची ऑस्ट्रेलियातील आयसेरिया पर्चेसी ही खवले कीड 1868 च्या सुमारास तेथे पोहोचली आणि वीस वर्षांच्या आत तिने संत्रा-लिंबाच्या बागा उद्ध्वस्त करत आणल्या. आपल्या मायदेशी ही कीड फारशी उपद्रवी नाही, तेव्हा तिचे शत्रू तेथेच असणार, हे अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांचे अनुमान होते. त्यानुसार 1888 मध्ये कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. त्यांनी पाठवलेल्या पहिल्या 129 व्हेडेलिया ढालकिड्यांना लॉस एंजेलिसमध्ये कापडी तंबूने झाकलेल्या कीडग्रस्त झाडावर सोडले गेले. तेथून वाढलेली प्रजा बागोबाग वाटण्यात आली आणि 1889 संपेपर्यंत कीड आटोक्यात आली. व्हेडेलिया जवळजवळ याच किडीवर जगतो, त्याची अळी व प्रौढ दोघेही ती खातात आणि किडीच्या एका पिढीच्या काळात त्याच्या अनेक पिढ्या होतात. यश या तीन गुणांचे होते. 1940 च्या दशकात डीडीटीच्या फवारण्यांनी हा ढालकिडा मरू लागताच तीच कीड पुन्हा उसळली. भारतातही निलगिरीतील वॅटलच्या (बाभळीच्या कुळातील) झाडांवर आलेल्या याच किडीविरुद्ध त्याला आणण्यात आले.

महाराष्ट्रात द्राक्ष, सीताफळ व पेरू यांवरील पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, मेणचट रस शोषक किडीसाठी क्रिप्टोलिमस हा ढालकिडा सोडतात. त्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणचट तंतू असल्यामुळे ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि अनेकदा कीड समजून तिच्यावर फवारणी केली जाते. ही चूक टाळणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तीच अधाशीपणे कीड खाते. चिमटीने जरा हलवल्यावर ती भराभर पळते, ढेकूण मात्र संथ असतो. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. ढेकणाने सोडलेल्या गोड, चिकट द्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून खोडाला चिकट पट्ट्या बांधतात. द्राक्षवेलीच्या सैल सालीखाली दडलेल्या ढेकणापर्यंत क्रिप्टोलिमसचे भुंगेरे पोहोचावेत यासाठी ती साल आधी काढून टाकतात. कीड दिसू लागल्यावर, फवारणीच्या औषधाचा अंश ओसरल्याची खात्री करून, सायंकाळच्या थंड वेळी भुंगेरे सोडणे योग्य ठरते; खायला कीडच नसेल तर ते बाग सोडून जातात.