अक्कलकोट

सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. सोलापूरच्या आग्नेयेस सुमारे ४० किमी, कर्नाटकच्या सीमेलगत. बाहेरच्या भाविकाला ते स्वामी समर्थांमुळे माहीत असते. जिल्ह्यात मात्र अक्कलकोट म्हटले की आधी कन्नड आठवते.

घरात कन्नड, कचेरीत मराठी, अशी इथली विभागणी सांगितली जाते. ती अर्धीच खरी. पाहुण्याला ‘बर्री’ म्हणत आत घेतात आणि लगेच ‘बसा की’ म्हणतात. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. ही सरमिसळ सीमेने आणलेली नाही, सीमाच तिच्यानंतरची. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांची वचने कन्नडात आहेत. उलट शेजारच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० (इ.स. १०१८) चा लेख सापडला, मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. गावाचे नाव कानडी वळणाचे, लेख मराठी!

अक्कलकोट हे भोसल्यांचे संस्थान. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून परतणाऱ्या शाहू महाराजांना पारद गावी विरोध झाला, त्यात गावचा पाटील लोखंडे पडला. त्याच्या विधवेने मूल शाहूंच्या पायावर घातले. शाहूंनी ते पोटच्या पोरासारखे वाढवले, नाव ठेवले फत्तेसिंह भोसले. हाच संस्थानचा मूळपुरुष. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. राजवाड्यातले शस्त्रागार अजून पाहण्यासारखे आहे. स्वामी समर्थांचे वास्तव्य इथे सुमारे बावीस वर्षे होते. १८७८ मध्ये त्यांनी समाधी घेतली. गाणगापूरला जाणारे दत्तभक्त वाटेत इथे थांबतातच.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अख्खा अक्कलकोट तालुका कर्नाटकाला द्यावा असे सुचवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. बेळगावच्या चर्चेत अक्कलकोटची ही बाजू बहुधा कुणी काढत नाही.

रेल्वे गावात येत नाही. ‘अक्कलकोट रोड’ स्टेशन सुमारे ११ किमीवर. तिथून लाईन याच तालुक्यातल्या दुधनीच्या आडतबाजारावरून कलबुर्गीकडे आणि पुढे शहाबादला जाते. इथल्या जुन्या घरांत पायाखाली असते ती करडी शहाबादी फरशी तिथल्या चुनखडीच्या खाणींतली. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर नुसती चटईही लागत नाही.