पासवर्ड काय? यांचाच नंबर, टाक!

पाहुणे आले, पाणी झालं, चहा अजून व्हायचाय. तेवढ्यात त्यांचा मुलगा विचारतो, "वायफायचा पासवर्ड?" आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अरे, यांचाच नंबर, टाक." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता मोजणं सोडून दिलंय. मोबाइल नंबर पाठ असतो, कुठे लिहून ठेवावा लागत नाही आणि दहा आकडे म्हणजे काही कमी नव्हेत, असा त्यामागचा हिशेब. तो नेमका कुठे चुकतो हे कळायला फोन आणि राउटर एकमेकांशी काय बोलतात ते पाहावं लागेल.

राउटर हॉलमध्ये असला तरी त्याच्या लहरी जिन्यात जातात, शेजारच्या बेडरूममध्ये जातात, खाली पार्किंगमध्येही पोचतात. तारेच्या नेटवर्कमध्ये घुसायला घरात शिरावं लागतं. वायफाय ऐकायला खाली स्कूटरवर बसलं तरी पुरतं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळख क्रमांकाचा, माग काढत तपास थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत आला. तिथे राहणाऱ्या अमेरिकी गृहस्थाचं वायफाय असुरक्षित होतं आणि ते भलत्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढे २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस असली उघडी वायफाय हुडकत शहरात फिरू लागले.

वायफायला लावायचं कुलूप, म्हणजे पासवर्डची सुरक्षा, तेव्हाही उपलब्ध होतं. १९९७ सालचं पहिलं, डब्ल्यूईपी नावाचं, २००१ मध्येच फुटलं. आज बहुतेक घरांत २००४ सालचं डब्ल्यूपीए२ आहे आणि ते चांगलं आहे. त्यातली गंमत अशी की पासवर्ड हवेतून कधी जातच नाही. फोन आणि राउटर आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करतात, ते मिश्रण ४,०९६ वेळा घोटतात आणि २५६ बिटांची एक किल्ली तयार करतात. मग राउटर एक वाटेल तो आकडा पाठवतो. फोन स्वतःचा एक आकडा निवडतो, दोन्ही आकडे किल्लीत मिसळतो आणि आपल्या आकड्यासोबत त्या मिश्रणातून निघालेली मोहोर पाठवतो. राउटर तेच गणित स्वतः करून बघतो. मोहोर जुळली तर समोरच्याकडे खरा पासवर्ड आहे. असे एकूण चार निरोप होतात, म्हणून याला फोर-वे हँडशेक म्हणतात. प्रत्येक जोडणीला नवे आकडे, म्हणजे मूळ किल्लीपासून प्रत्येक वेळी त्या जोडणीपुरती नवी किल्ली.

आता स्कूटरवाल्याकडे वळू. त्याला पासवर्ड ऐकू येत नाही, पण दोन्ही आकडे आणि मोहोर ऐकू येतात. तेवढं टिपून तो घरी जातो आणि एकेक पासवर्ड घेऊन तेच गणित करत बसतो. ज्या पासवर्डाने मोहोर जुळेल तो तुमचा. एटीएममध्ये तीनदा पिन चुकला की कार्ड ब्लॉक होतं. इथे राउटरला पत्ताच नसतो, कारण सगळे अंदाज दुसऱ्याच्या घरी चाललेले असतात. ४,०९६ वेळा घोटणं हे मुद्दाम घातलेलं गतिरोधक आहे. तरीही गेम खेळायचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या आसपास अंदाज तपासतं. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. भागाकार करा: ४,००० सेकंद. सव्वा तासाच्या आत, म्हणजे पाहुण्यांचे चहा-पोहे होऊन ते चपला घालेपर्यंत. वर तुमचा नंबरही त्याला फुकटात मिळाला!

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०२१ साली सायबरआर्क कंपनीच्या एका संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५,००० वायफायची अशी माहिती गोळा केली आणि त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांचे पासवर्ड काढून दाखवले. तिथेही मोबाइल नंबरांची चलती होती.

मग ठेवायचं काय? ५,००० शब्दांच्या यादीतून डोळे मिटून चार शब्द उचला: खोबरं, तहसील, पतंग, गुडघा. त्याच कार्डाला सगळ्या शक्यता संपवायला २० वर्षं लागतील. पाचवा शब्द जोडला की एक लाख वर्षांच्या घरात. मात्र शब्द खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडायला हवेत. आरतीची ओळ चालणार नाही, ती चोराच्या यादीतही असते. रोमन लिपीत टाइप करताना 'गुडघा' कसा लिहायचा यावरून घरात वाद होतील, ते सोसावेत.

एवढं करूनही एक मागचं दार उरतं: डब्ल्यूपीएसचा पिन, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्यासाठी राउटरला दिलेला आकडा. आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो आणि पहिले चार बरोबर आहेत का, हे राउटर वेगळं सांगून टाकतो. झालं, १०,००० अधिक १,००० म्हणजे अकरा हजार प्रयत्नांत काम फत्ते. स्टेफान फीबॉक याने २०११ मध्ये हे उघड केलं. राउटरच्या सेटिंगमध्ये हा पिन बंद करता येत असेल तर करून टाका.

२०१८ सालच्या डब्ल्यूपीए३ ने घरी नेऊन अंदाज लावायची सोय काढून घेतली. तिथे प्रत्येक अंदाजाला राउटरशी नव्याने बोलावं लागतं. अडचण असते ती जुन्या टीव्हीची. त्याला डब्ल्यूपीए३ कळत नाही, म्हणून राउटर 'मिक्स्ड'वर, म्हणजे डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असा, ठेवला जातो. पासवर्ड मात्र सगळ्यांना एकच, त्यामुळे टीव्हीचा हँडशेक टिपला तरी चोराचं भागतं. यावर उपाय म्हणजे टीव्हीला गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर बसवायचं, वेगळ्या पासवर्डासह. मग पाहुण्यांच्या मुलालाही तोच पासवर्ड सांगता येतो.