२३५२ बाइटांचा हिशेब

जुन्या गेम कन्सोलची सीडी संगणकावर उतरवून घेतली की हाती येते ती ‘डिस्क इमेज’, म्हणजे चकतीवरील माहिती मूळ क्रमाने साठवलेली फाइल. एम्युलेटरला, म्हणजे जुन्या कन्सोलचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामला, चालेल अशा प्रकारात ती बदलून घेणे वरकरणी सोपे असते. परंतु या बदलात काय टिकते आणि काय गळून पडते, हे सीडीची रचना समजल्याशिवाय कळत नाही.

सीडीवरील माहिती २३५२ बाइटांच्या सेक्टरांत विभागलेली असते. संगीताच्या ट्रॅकमध्ये हे सर्व बाइट आवाजासाठीच खर्ची पडतात आणि सेकंदाला असे ७५ सेक्टर वाजतात. माहितीच्या सेक्टरमध्ये मात्र बहुधा २०४८ बाइटच कामाचे असतात. उरलेल्या ३०४ बाइटांत सेक्टरची सुरुवात दाखवणारी खूण, त्याचा पत्ता आणि ओरखड्यांमुळे झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठीचे अंक असतात. आयएसओ प्रकारात केवळ ते २०४८ बाइट ठेवले जातात. नुसती माहिती असलेल्या चकतीला तेवढे पुरते. पण १९९४ मध्ये जपानमध्ये आलेल्या सेगा सॅटर्न आणि प्लेस्टेशन यांच्या अनेक खेळांचे संगीत वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असते, आणि आयएसओमध्ये त्याला जागाच नाही. अशी प्रत चालू होते खरी, पण तिचे संगीत हरवलेले असते.

म्हणून अशा चकत्यांसाठी बिन आणि क्यू ही जोडी वापरतात. बिनमध्ये पूर्ण सेक्टर असतात, तर क्यू ही साध्या मजकुराची छोटी फाइल कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगते. बिनचे नाव बदलून क्यूमधील नाव तसेच ठेवले, तर एम्युलेटरला बिन सापडत नाही. ‘फाइल बिघडली’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

मेम या एम्युलेटरच्या प्रकल्पातून आलेला सीएचडी हा प्रकार मला या सर्वांत अधिक विचारपूर्वक घडवलेला वाटतो. तो माहिती आणि आवाज यांना वेगवेगळ्या पद्धतींनी आवळतो. चूक-दुरुस्तीचे अंक उरलेल्या माहितीवरून पुन्हा काढता येत असतील तर ते साठवतच नाही, आणि वाचताना गणित करून जागेवर ठेवतो. त्यामुळे फाइल लहान होते, तरी ट्रॅकमधील एकही बाइट हरवत नाही. आयएसओवरून बनवलेली सीएचडी मात्र आधीच गळालेले संगीत परत आणू शकत नाही, म्हणून रूपांतर नेहमी पूर्ण प्रतीवरूनच करावे.

सीएचडी उलगडून पुन्हा बिन आणि क्यू मिळवता येतात. मूळ प्रतीत प्रत्येक ट्रॅकची वेगळी बिन असेल आणि उलगडताना सर्व ट्रॅक एकाच फाइलमध्ये आले, तर फाइलमधील बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा मूळ प्रतीशी जुळत नाही. अशा वेळी माहिती तीच असते, फक्त तिची विभागणी बदललेली असते.